वाचनालयाचं छत: दिवे, पंखे आणि आवाज एकाच नकाशात कसे बसवावेत

वाचनालय बांधताना रॅक किती, टेबलं कुठली, फरशी कोणती यावर समितीत तास-तास चर्चा होते. छताचा विचार मात्र थेट वायरमन शिडी लावतो तेव्हा सुरू होतो. छत एकच आणि त्यावर हक्क सांगणारे तिघे: दिवे, पंखे आणि आवाज शोषणारी पॅनेल. तिघांच्या जागा एकाच कागदावर ठरल्या नाहीत तर ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर जाते, पॅनेलला जागा उरत नाही आणि कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाची शिंक सगळ्या खोलीला ऐकू येते.

हिशेबासाठी एक नेहमीची खोली घेऊ. लांबी ९ मीटर, रुंदी ६ मीटर, उंची ३.३ मीटर, म्हणजे साधारण ३० फूट बाय २० फूट. वर स्लॅब, खाली विट्रिफाइड टाइल, भिंतींना प्लास्टर. तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचं वाचनदालन बहुधा असंच असतं. तुमची मापं वेगळी असतील, रीत बदलत नाही.

आधी माणसं बसवा

दिव्याची यादी करण्याआधी खोलीत कोण कुठे बसणार ते ठरवा. आपल्याकडच्या वाचनालयात चार प्रकारचे लोक येतात आणि चौघांचे आवाज वेगळे. वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ नागरिक बोलतात, आणि बोलणारच. देवघेव काउंटरवर शिक्का, खुर्ची आणि चौकशी अखंड चालू असते. बालविभागाचं सांगायला नको. चौथे अभ्यासिकेतले: स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली, दिवसाचे दहा-बारा तास एकाच खुर्चीत.

क्रम असा ठेवा: दाराशी वर्तमानपत्रं आणि देवघेव, मग पुस्तकांचे रॅक, सगळ्यात आत वाचनाची टेबलं. अभ्यासिका शक्यतो वेगळ्या खोलीत, स्वतंत्र दाराची. बालविभाग अभ्यासिकेला भिंत लागून नको.

रॅक मध्ये घातले की आवाज अडतो असं समजू नका. २.१ मीटरचा रॅक ३.३ मीटरच्या खोलीत वरून १.२ मीटर मोकळाच असतो. आवाज स्लॅबवर आपटून पलीकडे उतरतो. म्हणून अशा रॅकच्या बरोबर वरच्या छताला पॅनेल हवं. हे आत्ताच नकाशावर खुणेनं दाखवा.

दिवसाचा उजेड

उत्तरेच्या खिडक्या सगळ्यात सोयीच्या. महाराष्ट्राच्या अक्षांशावर मे ते जुलै या काळात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे सरकतो, पण तो जवळजवळ डोक्यावर असल्याने दीड फुटी छज्जाही पुरतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हं तेवढी उत्तरेच्या खिडकीत डोकावतात.

दक्षिणेला छज्ज्याचं काम हिवाळ्यात असतं. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. दोन फुटी छज्जा त्या वेळी खिडकीचा वरचा सव्वादोन फूट भाग सावलीत ठेवतो. खिडकी चार फुटांची असेल तर खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन थेट टेबलावर येतं. त्या खालच्या भागाला दुधी काच लावा, किंवा मध्यावर दुसरा आडवा छज्जा काढा.

पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग नाही, संध्याकाळचं ऊन खालून आडवं येतं. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा सरळ भिंत. पश्चिमेच्या खिडकीसमोर पुस्तकांचा रॅक ठेवलात तर वर्ष-दोन वर्षांत लाल आणि पिवळे कणे आधी फिकट पडतात.

छताला गोल झरोके पाडायचा मोह आवरा. फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्टो यांनी व्हीपुरी (आजचं रशियातलं व्हिबोर्ग) इथे १९३५ साली पूर्ण झालेल्या ग्रंथालयाच्या वाचनदालनाला ५७ गोल झरोके दिले. तिथे सूर्य भर उन्हाळ्यातही ५३ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे खोल झरोक्यातून ऊन थेट खाली उतरत नाही. आपल्याकडे वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. तोच झरोका इथे दुपारी टेबलावर उन्हाची थाळी मांडतो. शिवाय पावसाळ्यात गळतो.

खिडकीचा उजेड किती आत पोचतो? खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची गुणिले दोन, हा साधा अंदाज. लिंटेल (खिडकीवरची तुळई) ७ फुटांवर असेल तर १४ फुटांपर्यंत. वीस फूट रुंद खोलीत एकाच बाजूला खिडक्या असतील तर शेवटचे सहा फूट दिवसाही दिव्यावर चालणार. म्हणून दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर घ्या आणि प्रत्येक रांगेचं बटण वेगळं ठेवा. एका बटणावर सगळी खोली असेल तर दुपारी बाराला खिडकीशेजारचे दिवेही जळत राहतात.

दिव्यांचं गणित

दिव्यातून निघणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि टेबलावर पडणारा लक्समध्ये: एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडले. वाचनाच्या टेबलावर ३०० लक्स हे किमान धरा. रॅकच्या उभ्या बाजूवर, अगदी खालच्या कप्प्यात सुद्धा, १५० मिळायला हवेत. वर्तमानपत्र विभागाला कमी उजेड चालतो असं बऱ्याच तक्त्यांत दिसतं. आमचा अनुभव उलटा आहे. करड्या कागदावरचा बारीक टाइप, आणि वाचणारे साठीच्या पुढचे. त्या वयात डोळ्याला विशीतल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो. तिथे ५०० लक्स द्या. जुनी हस्तलिखितं मांडून ठेवली असतील तर त्या पेटीपुरते मात्र ५०.

आता आपली खोली:

- क्षेत्रफळ ९ × ६ = ५४ चौ.मी.
- ५४ × ३०० = १६,२०० ल्युमेन टेबलापर्यंत पोचायला हवेत.
- दिव्यातून निघालेल्या उजेडाचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग टेबलावर येतो, बाकी भिंती-छत खातात. पांढऱ्या भिंती-छताला ०.५५ धरा.
- धूळ आणि वय यांची घट ०.८.
- १६,२०० ÷ (०.५५ × ०.८) = सुमारे ३६,८०० ल्युमेन.

चार फुटी २० वॅटची चांगली एलईडी बॅटन (ट्यूबसारखा लांब पट्टीचा दिवा) सुमारे २,००० ल्युमेन देते. म्हणजे १८ बॅटन, एकूण ३६० वॅट. ६ मीटर रुंदीत तीन रांगा: लांब भिंतीपासून १, ३ आणि ५ मीटरवर. प्रत्येक रांगेत ६ बॅटन, दर दीड मीटरला एक. भिंतींना गडद हिरवा ऑईलपेंट मारणार असाल तर ०.५५ चा आकडा ०.४५ वर येतो आणि आणखी चार बॅटन लागतात. रंगाची बादली बदलणं स्वस्त पडतं.

खरेदी करताना वॅट बघू नका, खोक्यावरचे ल्युमेन वाचा. जोडीला चार गोष्टी: रंगछटा ४००० के (केल्विन), कारण ६५०० केचा निळसर उजेड रात्री डोळ्यांवर येतो, रंग-निर्देशांक (सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ८० च्या वर, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर. आणि गावात व्होल्टेज खालीवर होत असेल तर रुंद व्होल्टेजवर चालणारा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट). दुधी आवरण नसलेली, उघडे ठिपके दिसणारी बॅटन घेऊ नका. मान वर केली की ती डोळ्यांत घुसते.

लुकलुक तपासायला यंत्र लागत नाही. दुकानातच दिवा लावून त्याच्या उजेडात पेन भराभर हलवा. पेनाची सलग पुसट रेघ दिसली तर ठीक. एकाऐवजी सुटी सुटी सहा-सात पेनं दिसली तर ड्रायव्हर स्वस्तातला आहे, दिवा सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतोय. अशा उजेडात दोन तास वाचलं की डोकं धरतं आणि दोष चष्म्याला जातो.

रॅकमधल्या वाटेवर बॅटन वाटेच्या मध्यावर, रॅकला समांतर हवी. रॅकच्या डोक्यावर गेली तर वरचा कप्पा उजळतो आणि खालचे तीन अंधारात जातात. रॅक पुढेमागे हलणार असतील तर बॅटन रॅकला काटकोनात लावा. उजेड थोडा कमी एकसारखा पडतो, पण रॅक सरकवले तरी बिघडत नाही.

टेबलाला चकचकीत सनमायका नको. वरच्या बॅटनची पांढरी पट्टी नेमकी पानाशेजारी दिसत राहते. मॅट फिनिश मागा, आणि टेबलं अशी लावा की रांग वाचकाच्या बाजूने जाईल, डोक्यासमोरून नाही.

अभ्यासिकेत टेबलावर दीड फुटी आडोसे असतात आणि त्यांची सावली वहीवर पडते. तिथे छताचा उजेड १५० लक्सवर आणा आणि प्रत्येक कप्प्यात ५ वॅटची, दुधी आवरणाच्या ॲल्युमिनियम पट्टीतली एलईडी वरच्या कडेला लावा. बटण प्रत्येकाला वेगळं. वरचे दिवे पूर्ण बंद करून फक्त कप्प्यातल्यावर चालवू नका. उजळ वही आणि काळोखी खोली यांत डोळे सारखे जुळवून घेत राहतात आणि थकतात.

पंखा

हा भाग नकाशातच चुकतो आणि सगळ्यात जास्त त्रास देतो. दिवा पात्यांच्या वर असेल तर पंखा फिरताना टेबलावर सावल्या धावतात. उपाय दोनच: दिवा पात्यांच्या पातळीच्या खाली, आणि आडवा विचार करता पात्यांच्या घेराबाहेर.

आपल्या खोलीत सहा पंखे पुरतात. बॅटनच्या रांगा १, ३, ५ मीटरवर आहेत, म्हणून पंखे २ आणि ४ मीटरच्या रेषांवर, लांबीत १.५, ४.५ आणि ७.५ मीटरवर. ४८ इंची पंख्याचा घेर मध्यापासून ६० सेंमी, म्हणजे पात्याचं टोक आणि बॅटन यांत ४० सेंमी अंतर राहतं. पाती स्लॅबपासून फूटभर खाली. बॅटन त्याहून खाली, जमिनीपासून २.७५ मीटरवर, लांब चॅनेलमध्ये टांगून.

बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) पंखा घेतला तर ७५ ऐवजी ३० वॅटच्या आसपास काम होतं आणि मंद गतीत गुणगुण राहत नाही. जुने पंखे ठेवायचे असतील तर रेग्युलेटर पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला घ्या. गोल फिरवत गती हवी तशी बदलणारे बहुतेक स्वस्त रेग्युलेटर मोटारीला घुमवतात, आणि शांत खोलीत ती घुमघुम सगळ्यांना ऐकू येते.

इन्व्हर्टरचा हिशेब इथेच करून टाका. १८ बॅटन ३६० वॅट, सहा बीएलडीसी पंखे १८० वॅट, एकूण ५४०. चार तास वीज गेली तर २,१६० वॅट-तास. १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन बॅटऱ्या लागतात. निम्म्या बॅटन बंद ठेवायची तयारी असेल तर एकीवर साधारण सव्वातीन तास निघतात. त्यासाठी एकाआड एक बॅटनचं वायरिंग आधीच वेगळं हवं.

खोलीतला आवाज

आवाज दोन वाटांनी त्रास देतो: बाहेरून येतो, आणि आतला आत घुमत राहतो. घुमणं आधी बघू, कारण ते गणितात बसतं. हे गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर नेऊन बसवलं: घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण (चौ.मी.मध्ये).

आपल्या खोलीचं घनफळ १७८ घनमीटर, म्हणून सूत्रातला वरचा आकडा (०.१६१ × १७८) २८.७. टाइल, प्लास्टर, स्लॅब मिळून शोषण जेमतेम ५ चौ.मी. म्हणजे रिकाम्या खोलीत टाळी साडेपाच सेकंदांहून जास्त घुमते. उघडे, पुस्तकांनी भरलेले रॅक १२ मीटर लांब आणि २.१ मीटर उंच असतील तर साडेसात चौ.मी. शोषण वाढतं. वीस माणसं आणखी ८ देतात. एकूण २०.५, काळ १.४ सेकंद. वाचनालयाला हवा ०.७ च्या आसपास. त्यासाठी शोषण ४१ लागतं. निम्मं अजून यायचं आहे.

जाता जाता: काचेची दारं लावलेली कपाटं आवाजाच्या हिशेबात नुसती भिंत. पुस्तकं आत असली तरी आवाजाला काचच लागते. वर त्या काचांत दिव्यांचं प्रतिबिंब. धुळीमुळे काच हवीच असेल तर तितकी पॅनेल वाढवा.

पॅनेल गावातला सुतार बनवू शकतो. दोन फूट बाय चार फुटी लाकडी चौकट, ५० मिमी खोल. आत ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल (दगडी तंतूंची गादी). वर तंतू गळू नयेत म्हणून पातळ न विणलेलं कापड, त्यावर पांढरं सुती कापड ताणून. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झिन, फ्लेक्स किंवा वरून मारलेला ऑईलपेंट यांनी पॅनेल बाद होतं. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क घालायचाच.

असं एक पॅनेल पाऊण चौ.मी.ला थोडं कमी भरतं आणि शोषण क्षेत्रफळाच्या ०.८५ पट धरलं तर २०.५ साठी ३२ पॅनेल लागतात. बसतात अशी:

- १८ पॅनेल प्रत्येक बॅटनच्या बरोबर वर, स्लॅबला. मधल्या फूटभर फटींतून चॅनेलच्या तारा खाली येतात.
- ८ पॅनेल पंख्यांच्या मधल्या जागेत, जोडी-जोडीने.
- ६ पॅनेल मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपासून वर.

स्लॅब किंवा भिंत आणि पॅनेल यांत ५० मिमी पोकळी सोडा. खालच्या जाडसर आवाजासाठी ती लागते आणि पावसाळ्यात कापडाला ओल धरत नाही. छत गळत असेल तर आधी गळती, मग पॅनेल.

अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल लावू नका. दोन्ही बाहेरचा आवाज अडवत नाहीत, आतला नीट शोषत नाहीत, आणि कागदाने भरलेल्या खोलीत पेट घेतात. स्पंजची काळी टोकदार पॅनेलंही आगीच्याच कारणाने नकोत.

खुर्च्या, दारं आणि बाहेरचा रस्ता

अभ्यासिकेतली सगळ्यात मोठी तक्रार बहुधा खुर्ची ओढल्याची असते. लोखंडी पाय आणि टाइल. पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून रबरी टोप्या आणा, पाइपाच्या आत ठोकायचे बूच नकोत. ते महिन्याभरात निघतात. टोपीच्या तळाशी लोखंडी वॉशर आहे ना, बोट घालून बघा. वॉशर नसेल तर पाइपाची धार रबर कापून खाली येते आणि कर्कश आवाज पुन्हा सुरू. पन्नास खुर्च्यांना दोनशे टोप्या. पन्नासेक जास्तीच्या घेऊन ठेवा.

दाराला क्लोजर. पिण्याच्या पाण्याचा कूलर बाहेरच्या व्हरांड्यात, पायाखाली रबराचे तुकडे.

बाहेरच्या आवाजासाठी खिडकीइतकं महत्त्वाचं काही नाही. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली ९ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते, उघडी खिडकी १० ते १५. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे तेवढ्यात उघड्या खिडकीनेही आत ४०-४५ राहतात आणि वाचन चालतं. एसटी स्टँडसमोर ते जमणार नाही. तिथे रस्त्याकडची भिंत भरीव ठेवून तिला रॅक लावा, हवेच्या खिडक्या मागे आणि बाजूला काढा. झाडांची एखादी रांग आवाज जवळजवळ अडवत नाही. सावलीसाठी लावा.

कोकणात पत्र्याचं छत असेल तर जूनपासून वेगळाच प्रश्न. पत्र्याखाली ५० मिमी रॉकवूल, मग किमान चार इंच पोकळी, मग १२ मिमीचा सिमेंट बोर्ड, सांधे बुजवून. नुसतं पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग पावसाचा आवाज थांबवत नाही.

कामाचा क्रम आणि मोजणी

छताचा नकाशा १:५० प्रमाणात काढा. बॅटन निळ्या, पंखे लाल, पॅनेल हिरव्या रंगात. पंख्याचे हूक स्लॅब भरतानाच टाकायचे असल्याने हा कागद सेंट्रिंगच्या आधी ठेकेदाराच्या हातात हवा. त्यानंतर वायरिंगच्या नळ्या, छताचा रंग, पॅनेल, पंखे, शेवटी बॅटन. पॅनेल बॅटननंतर लावायला गेलात तर चॅनेल पुन्हा उतरवावं लागतं.

सगळं लागल्यावर अंधार पडल्यानंतर मोजा. टेबलाच्या उंचीवर, खोलीत नऊ ठिकाणी. मोबाइलवरचं ॲप कमी-जास्त सांगायला ठीक, आकड्यासाठी लक्समीटर आणा. सगळ्यात कमी आकडा सरासरीच्या ०.६ पटीपेक्षा खाली नको. मग दिवे-पंखे बंद करून खोलीच्या मध्यावर एक जोरदार टाळी. भिंतींमधून ‘टर्रर्र’ असा थरथरता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन भिंती कोऱ्या राहिल्या आहेत. भिंतीवरच्या सहापैकी दोन पॅनेल तिकडे हलवा.

नऊही आकडे आणि तारीख वीजबोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. दर सहा महिन्यांनी बॅटन ओल्या फडक्याने पुसल्यावर पुन्हा मोजा. पुसूनही आकडा २४० च्या खाली राहिला की त्या रांगेतल्या बॅटन बदलायच्या.